झाकणाखालची जागा

अकराव्या मिनिटाला बाबांचा आवाज बंद पडला.

बाबा स्वतः समोर स्टुलावर बसलेले होते, हाताची घडी घालून. बंद पडला तो डब्यातला आवाज. "आणि म्हणून लाकूड घेताना आधी" इतकं बोलून तो तुटला, डब्यावरचा वीतभर पडदा काळा झाला आणि आतला पंखा उगाच दोन गिरक्या घेऊन थांबला. बाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

दुपारचे पावणेतीन वाजले होते. सहा वाजता दवाखान्यातून फोन येणार होता. उद्या सकाळी येताय का? येत नसाल तर पलंग दुसऱ्याला देतो.

बाबांच्या घशात गाठ होती. ती काढायची तर स्वरयंत्रही काढावं लागणार होतं. म्हणजे ऑपरेशननंतर बाबा जगणार होते, पण बोलणार नव्हते. त्यांनी दोनदा तारीख घेतली आणि दोनदा मोडली. सर्जनबाई या खेपेला स्पष्टच बोलल्या, "तिसऱ्यांदा मोडलीत तर पुढच्या तारखेचा उपयोग होईल की नाही, मी सांगू शकत नाही." त्यावर बाबांनी घरी येऊन अट घातली. मरणाच्या दारात उभं राहून अटी घालणारा माणूस कुणी पाहिला नसेल तर त्याने या सुताराला पाहावं.

"मुका होऊन मी या दुकानात बसायचा नाही," ते म्हणाले. "माझ्या आवाजात बोलणारं काहीतरी करून दे. एक तास न अडता बोललं पाहिजे. झाकण लावून. मग जातो."

तासच का, तर गिऱ्हाइकाशी एक दार ठरवायला तास लागतो म्हणून. झाकण का, तर दुकानात उठता-बसता भुसा उडतो म्हणून. उघडं मशीन तिथे आठवडाभरही टिकलं नसतं. अट हट्टाची होती, पण मूर्खपणाची नव्हती, आणि त्यामुळेच तिच्यातून सुटका नव्हती.

अर्धं काम आधीच झालं होतं. दवाखान्यातल्या स्पीच थेरपिस्टने बाबांकडून सातशे वाक्यं वाचून घेतली होती आणि त्यांवरून असा आवाज तयार झाला होता, की टाइप केलेलं काहीही तो बाबांसारखंच बोलून दाखवायचा, वाक्य सुरू करण्याआधीच्या त्यांच्या छोट्याशा "हं"सकट. पण हा आवाज चालवायला दमदार प्रोसेसर लागायचा. दमदार प्रोसेसर तापतो, आणि फार तापला की स्वतःला वाचवायला अख्खं मशीन बंद करून टाकतो. घोडं तिथेच पेंड खात होतं.

डबा बाबांनी स्वतः बनवला होता. शिसवी, एकही खिळा न मारता कोपरे गुंतवलेला, काखेत मारून नेता येईल एवढा. आतलं मशीन लेकीचं. लेकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं. या दुकानात ती वजाबाई.

त्याचं असं झालं. बाबांच्या टेपच्या टोकाची पत्री फार पूर्वी सैल झाली होती. नवी टेप घ्यायची सोडून ते एक सेंटिमीटर सोडून मोजायला लागले. टेपवरचा एकाचा आकडा कडेला धरायचा, पलीकडे जो आकडा येईल तो मोठ्याने ओरडायचा, आणि त्यातून एक वजा करायचा. वजा करायचं काम पोरीचं. सहा वर्षांची असल्यापासून ती पेन्सिल घेऊन उभी असायची. बाबा ओरडले "नव्वद" की ही प्लायच्या तुकड्यावर लिहायची एकोणनव्वद. गावातली कित्येक कपाटं या वजाबाकीवर उभी होती. पुढे विसाव्या वर्षी ती कॉम्प्युटर दुरुस्तीला गेली. "लाकूड टाकून डबडी उघडायला गेली," असं बाबा चार महिने येईल त्याला सांगत होते, फक्त तिच्याशी बोलत नव्हते. त्याला आता अकरा वर्षं झाली. पण नाव काही गेलं नाही.

वजाबाईने झाकण उचललं. खालून कढईवरचं ताट काढावं तशी वाफ आली.

"किती झालं होतं?" आईने दारातून विचारलं.

"शंभर."

"ताप?"

"ताप म्हण."

आईने पदर कमरेला खोचला, म्हणजे आता हातात काम नसलं तरी ती कामाला लागली होती. "मग थंड कर ना त्याला. तो कूलर का फिलर आणलास तो कुठाय?"

"हा काय." वजाबाईने बोट दाखवलं. प्रोसेसरच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा चपटा गठ्ठा होता आणि त्यावर काड्यापेटीच्या जाडीचा पंखा.

"एवढासा? यात पाणी कुठे घालायचं?"

एरवी वजाबाई हसली असती. तिने झाकण बाजूला ठेवून मशीन पुन्हा सुरू केलं. उघडं असताना ते एकोणीस मिनिटं बोललं आणि पुन्हा गेलं. मग तिने प्रोसेसरचा वेग उतरवला. ताप उतरला, पण आवाज तुटक यायला लागला. "ला. लाकूड. घे. घेताना." बाबांनी डबा दोन बोटांनी दूर सरकवला.

"तोतरा झालोय," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली होती. बाबा दिवसाला दहा-बारा वाक्यं खर्च करायचे, आणि त्यातलं एक त्यांनी यावर खर्च केलं.

साडेतीन वाजत आले होते. तिला रविवार आठवत होता. सुट्या भागांच्या दुकानात तिने दोन कूलर दोन हातांत धरले होते. एक सत्तेचाळीस मिलिमीटर उंच, तांब्याच्या चार नळ्यांचा, या प्रोसेसरला पुरून उरेल असा. दुसरा सदतीसचा, दोनच नळ्यांचा. डब्यात झाकणाखाली जागा होती अडतीस. तिने मोठा खाली ठेवला होता. ठेवताना तिला कळत होतं, की छोटा जेमतेम निभावेल किंवा निभावणारही नाही. पण मापापुढे कुणाचं काय चालतं? आणि माप बाबांचं होतं. बाबांच्या मापावर पुन्हा टेप लावणं म्हणजे त्यांच्या तोंडावर त्यांना आंधळं म्हणणं. आजवर ते कुणी केलं नव्हतं.

"बाबा, मोठा कूलर बसवायलाच हवा," ती म्हणाली. "झाकण आतून कोरू. सेंटिमीटरभर."

बाबांनी झाकण उचलून तिच्यासमोर कड धरली. झाकणच मुळी नऊ मिलिमीटर जाड होतं.

"मग भोक पाडू. कूलरचं डोकं वर राहू दे."

"आणि भुसा?"

"मग डब्याच्या भिंती उंच करा! वर एक पट्टी जोडा!"

"गोंद वाळायला रात्र जाते." बाबांनी घसा खाकरला, ते खाकरणं तिला ऐकवलं नाही. "माझ्या डब्याला आता तू शिकवणार."

आणि मग वजाबाईचा तोल सुटला. दोन महिने मनात जे कुजत होतं ते तोंडावाटे बाहेर पडलं. "तुम्हाला जायचंच नाहीये! पहिल्यापासून नाही! म्हणून तर डबा असा केलात, की त्यात काही धड बसूच नये. मशीन बंद पडलं की तुम्ही सुटलात. मरायला मोकळे. आणि आम्ही आयुष्यभर म्हणायचं की वजाबाईला एक पंखा निवडता आला नाही!"

आईने "अगं" म्हटलं. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बाबांचा चेहरा रंधा मारलेल्या फळीसारखा सपाट झाला होता. वजाबाईला वाटलं, आता हे उठून घरात जातील आणि सहा वाजता फोन वाजत राहील.

बाबा उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "असा म्हणजे कसा केला?"

"अडतीस मिलिमीटर! झाकणाखाली अडतीस मिलिमीटरमध्ये जगात कुणी काय बसवावं?"

"अडतीस कोण म्हणालं?"

"तुम्ही!"

ती तरातरा कोपऱ्यात गेली, खिळ्यांच्या डब्यांमागून प्लायचा तुकडा काढला आणि त्यांच्या पुढ्यात आपटला. रविवारचा तुकडा. तिचंच अक्षर: झाकणाखाली ३८.

बाबांनी तो वाचला. दूर धरून वाचला, जवळ धरून वाचला. मग कानामागे हात नेला. तिथे पेन्सिल होती आणि पेन्सिलीशेजारी बोटाहून लहान एक लाकडी कांडी. ही कांडी रविवारी त्यांनी प्रोसेसरवर उभी केली होती, वरून झाकण टेकवून खूण केली होती आणि खुणेवर कापली होती. माप घेतलेली कांडी काम पुरं होईपर्यंत टाकायची नाही, हा या दुकानाचा नियम. तीन दिवस ती त्यांच्या कानामागे होती.

त्यांनी कांडी आणि टेप तिच्या हातात दिली.

वजाबाईने टेपवरचा एकाचा आकडा कांडीच्या टोकाला धरला. दुसरं टोक आलं पाच पूर्णांक आठवर. वजा एक. चार पूर्णांक आठ.

अठ्ठेचाळीस.

तिने पुन्हा मोजलं. अठ्ठेचाळीसच.

"मी अठ्ठेचाळीस म्हणालो होतो," बाबा म्हणाले.

"हो. अठ्ठेचाळीसच म्हणालात." तिला ते आत्ता ऐकू आलं, रविवारी तिच्या हाताने तिला ऐकूच दिलं नव्हतं. "म्हणून मी एक सेंटिमीटर वजा केला."

"मी करूनच सांगितलं होतं."

"तुम्ही कधीपासून वजा करायला लागलात?"

बाबांनी तिच्या हातातली टेप घेऊन खिशात टाकली.

"तू गेल्यापासून. दुसरं कोण करणार?"

अकरा वर्षं हा माणूस एकटाच टेप धरत होता, एकटाच ओरडत होता, एकटाच वजा करत होता, आणि ती पेन्सिल हातात घेऊन उभी राहिल्याबरोबर सहा वर्षांची होऊन बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली, आणि मघाशी आपण जे बोलून गेलो ते सगळं परत गिळावंसं वाटलं.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," आई म्हणाली. "दोघंही सारखेच. जित्याची खोड..." आणि पुढची म्हण तिने दातांखाली धरली. आजच्या दिवशी ती पुरी करायची नव्हती.

"जा," बाबांनी दाराकडे बोट केलं.

वजाबाई स्कूटरवर बसली तेव्हा तीन चाळीस झाले होते. वाटेत सिग्नलला तिने दुकानदाराला फोन लावला. सत्तेचाळीसचा एकच शिल्लक होता. "रविवारी म्हटलं नव्हतं तुला मोठा घे?" तो म्हणाला. "बाजूला काढून ठेवा, उद्या काय ते ऐकवा," ती म्हणाली. परतताना तिने कूलरचं खोकं जॅकेटच्या आत छातीशी धरलं होतं. घाईत कुठे धडकले तर निदान कूलर शाबूत राहील, असा काहीतरी वेडा विचार तिच्या मनात होता.

चार पंचवीसला ती दुकानात शिरली. जुना कूलर उतरवला, प्रोसेसरच्या डोक्यावरची, त्याची उष्णता कूलरकडे नेणारी, सुकलेली पेस्ट कापसाने पुसली, नवी पेस्ट वाटाण्याएवढी टाकली. कूलरच्या बुडाला चिकटवलेला पारदर्शक कागद काढला आणि बाकावर समोरच ठेवला, काढल्याचं दिसत राहावं म्हणून. आज तिचा स्वतःवर विश्वास नव्हता. चार स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. बाबा बघत होते. दाराच्या बिजागऱ्या तेही तसेच आवळायचे.

मग झाकण. खोबणीत ते आत उतरायला लागलं. उरलं होतं एक मिलिमीटर, तेही बाबांचं माप खरं असेल तर. झाकण टेकलं. टक् असा आवाज झाला, लाकडावर लाकडाचा. धातूचा नाही. झाकणातली हवेसाठीची, बारीक जाळी लावलेली भोकं नेमकी पंख्याच्या डोक्यावर आली होती.

चार बावन्नला डबा बोलायला लागला.

"हं, लाकूड घेताना आधी त्याचं टोक बघावं," बाबांचा जुना, भरदार, गाठीआधीचा आवाज म्हणाला. मजकूर वजाबाईनेच टाइप केला होता. बाबा गिऱ्हाइकांना तीस वर्षं जे सांगत आले ते सगळं, आठवेल तसं. संपलं की पुन्हा पहिल्यापासून. स्टुलावरचे खरे बाबा मान खाली घालून ऐकत होते. एवढं तिच्या लक्षात राहिलं असेल, असं त्यांना वाटलं नसावं.

पडद्याच्या कोपऱ्यात तापमान दिसत होतं. अडुसष्ट. चौऱ्याहत्तर. एकोणऐंशी. दहावं मिनिट. अकरावं. "आणि म्हणून लाकूड घेताना आधी," आवाज म्हणाला, आणि पुढे निघून गेला. आईने देव्हाऱ्याकडे बघावं तसं त्या डब्याकडे बघितलं. ब्याऐंशी. ब्याऐंशीवर आकडा रेंगाळला.

तिसाव्या मिनिटाला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन बाकावर सरकलं आणि आकडा चढला. चौऱ्याऐंशी, सत्त्याऐंशी. वजाबाई उठायच्या आत आई खिडकीशी पोचली होती. पडदा नव्हता, तर तिने पदर दोन्ही हातांनी पसरून धरला आणि तशीच उभी राहिली. सत्त्याऐंशी. शहाऐंशी. चौऱ्याऐंशी. बाबांनी उठून खिडकीला प्लायची फळी लावली तेव्हा कुठे तिने हात खाली घेतले.

"मी लिहू का त्यात काही?" तिने विचारलं. "तेच तेच ऐकून कान किटले."

वजाबाईने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. आईने एकेक अक्षर शोधत बराच वेळ काहीतरी लिहिलं.

"हं, तुझंच बरोबर होतं," डबा बाबांच्या आवाजात म्हणाला. "भाजी छान झाली आहे. मी उगाच चिडलो."

"पस्तीस वर्षं वाट बघितली," आई म्हणाली, "एकदाचं ऐकलं." बाबांचे खांदे आवाज न करता हलत होते. ते हसत होते. पण हसता हसता त्यांनी डोळे पुसले, आणि आईने ते बघून न बघितल्यासारखं केलं.

पाच पंचेचाळीसला फोन वाजला. सहाचा फोन पंधरा मिनिटं आधीच. तासाला अजून सात मिनिटं बाकी होती.

आईने उचलला. पलीकडून वॉर्डातल्या सिस्टर. "उद्याचं काय ठरलं? माझी ड्यूटी संपतेय, मला आत्ता नाव लिहायचंय."

आईने बाबांकडे पाहिलं. बाबांनी घड्याळाकडे बोट केलं. सात मिनिटं म्हणजे सात मिनिटं. वजाबाईला त्यांचं ते बोट मोडून टाकावंसं वाटलं.

"सात मिनिटं थांबा हो," आई म्हणाली.

"अहो, सात मिनिटांत काय होणारेय?"

"सुताराचं घर आहे, बाई. दार अर्धं बसलंय, हातातून सोडता येत नाही."

सिस्टरांनी सुस्कारा सोडला. पण फोन ठेवला नाही. डबा बोलत राहिला, सागवान, शिसव, पावसाळ्यात फुगणारी दारं. त्र्याऐंशी. त्र्याऐंशी. दोनेक मिनिटांनी सिस्टरांनी विचारलं, "मागे कोण बोलतंय?"

"आमचे हे," आई म्हणाली.

"मग त्यांनाच द्या ना फोन."

"देते. पाच मिनिटांनी."

शेवटचं मिनिट वजाबाईने घड्याळाकडे न बघता काढलं. ती फक्त आवाज ऐकत होती. कुठेतरी तिला वाटत होतं, आता तुटणार, या वाक्याला, पुढच्या वाक्याला. तुटला नाही. पाच बावन्नला बाबांनी हात वर केला.

त्यांनी कीबोर्ड ओढून घेतला, एका बोटाने टाइप केलं आणि आईच्या हातातला फोन डब्याजवळ धरला.

"हं, सकाळी आठला येतो," डबा म्हणाला.

"बरं, काका. रात्री बारानंतर काही खाऊ-पिऊ नका," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला. आई तिथेच भुशात खाली बसली.

वजाबाईने मशीन बंद केलं. पंखा थांबला. आता दुकानात बाबांचा एकच आवाज उरला होता, आणि तो उद्या सकाळपर्यंतचा.

"बाबा, मघाशी मी जे बोलले..."

बाबांनी हाताने ते उडवून लावलं. खिशातून टेप काढली आणि डब्यावर लांबीच्या बाजूने धरली. "दवाखान्यातलं पलंगाशेजारचं स्टूल लहान आहे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मावतो का बघू. लिही."

तिने पेन्सिल घेतली. रविवारचाच प्लायचा तुकडा उलटा केला.

"दोनशे सत्तर मिलिमीटर," बाबा ओरडले. ओरडले म्हणजे ओरडायला गेले; पण आवाज दारापर्यंत पोचला.

तिचा हात थांबला. "वजा केलंत?"

बाबांनी मान हलवली. नाही.

"आता तू आलीस ना," ते म्हणाले. "ते तुझं काम."

वजाबाईने लिहिलं, दोनशे साठ.